नोटा, उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र आणि १८ व्या वर्षी मतदान : या तिन्हींशी नातं असलेले सासवडचे न्यायमूर्ती तारकुंडे

२६ एप्रिल २०२४. लोकसभेच्या दुसऱ्या टप्प्यात अमरावती आणि अकोल्यात मतदान होतं. वऱ्हाडातलं एप्रिलचं ऊन कसं असतं, हे वऱ्हाडी माणसाला वेगळं सांगायला नको. तरीही लोक रांगा लावून उभे होते.

त्या रांगेतल्या प्रत्येकाकडे तीन गोष्टी होत्या. वय १८ पूर्ण असेल तर मत देण्याचा हक्क होता. उमेदवारावर गुन्हे किती आणि त्याची मालमत्ता किती, हे मोबाइलवर बघायची सोय होती. आणि एकही उमेदवार पटला नाही, तर मशीनवर सगळ्यात खाली नोटाचं बटण होतं.

१९७१ च्या लोकसभा निवडणुकीत यातलं काहीच नव्हतं. मतदानाचं वय होतं २१. उमेदवाराने आपल्या गुन्ह्यांची आणि संपत्तीची माहिती मतदाराला देण्याचं बंधन नव्हतं. कुणीच नको असं मशीनला सांगायचं, तर मशीनच नव्हतं.

या तीन गोष्टी आपोआप आल्या नाहीत. त्यासाठी अहवाल लिहिले गेले, कोर्टात खटले लढवले गेले आणि काही माणसांनी आयुष्याची अनेक वर्षं खर्ची घातली. त्यातलं एक मोठं नाव म्हणजे विठ्ठल महादेव तारकुंडे. देशात त्यांना नागरी स्वातंत्र्य चळवळीचे जनक म्हटलं जातं. महाराष्ट्रातल्या नव्या पिढीला मात्र हे नाव फारसं माहीत नाही.

सासवडचा मुलगा, शेतीची पदवी आणि लंडन

तारकुंडेंचा जन्म ३ जुलै १९०९ चा, पुणे जिल्ह्यातल्या सासवडचा. वडील वकील होते आणि अस्पृश्यतेच्या विरोधात उभे राहणारे सुधारक म्हणून त्या भागात ओळखले जायचे. शाळेसाठी विठ्ठल पुण्यात आले. पुढे त्यांनी शेतकी कॉलेजातून पदवी घेतली. मग लंडन गाठलं आणि बॅरिस्टर होऊन १९३२ च्या अखेरीस ते परत आले.

पुण्यात वकिली सुरू झाली. त्याबरोबर राजकारणही सुरू झालं. आधी काँग्रेसमधल्या समाजवादी गटात आणि मग मानवेंद्रनाथ रॉय यांच्यासोबत.

रॉय म्हणजे मेक्सिकोत कम्युनिस्ट पक्ष उभारणाऱ्यांपैकी एक, लेनिनशी वाद घालणारे आणि पुढे कम्युनिस्टांपासूनही दूर गेलेले नेते. महाराष्ट्रात त्यांचे मोठे चाहते होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्यांच्यातलेच. तारकुंडे या गटात इतके ओढले गेले की १९४२ मध्ये त्यांनी चालती वकिली सोडली आणि ते पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते झाले.

तो काळ छोडो भारतचा होता. रॉय यांचं म्हणणं होतं की आधी हिटलरचा फॅसिझम हरला पाहिजे. त्यामुळे त्यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाने युद्धात ब्रिटिशांची बाजू घेतली. लोकांना ते अजिबात रुचलं नाही. १९४६ च्या निवडणुकांत पक्षाचं पानिपत झालं. १९४८ मध्ये रॉय यांनी पक्षच बरखास्त केला.

एखाद्याने पुन्हा सार्वजनिक कामाचं नाव काढलं नसतं. तारकुंडेंनी मात्र एक गोष्ट मनाशी पक्की धरली. सत्ता पक्षाच्या हातात एकवटली की सामान्य मतदार फक्त शिक्का मारण्यापुरता उरतो. म्हणून गावपातळीवर लोकांच्या स्वतःच्या समित्या हव्यात. रॉय यांचा हा विचार पंचवीसेक वर्षांनी तारकुंडेंच्या निवडणूक अहवालात वेगळ्या रूपात परत येणार होता.

न्यायाधीश म्हणून एक वादग्रस्त आदेश

पक्ष संपल्यावर ते मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले. सप्टेंबर १९५७ मध्ये ते त्याच न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

न्यायाधीश म्हणून त्यांचं नाव मोठं झालं. पण कायद्याच्या विद्यार्थ्यांना त्यांचा एक आदेश वेगळ्या कारणासाठी शिकवला जातो. ब्लिट्झ या साप्ताहिकाचे संपादक रुसी करंजिया यांच्यावर बदनामीचा खटला सुरू होता. त्यातल्या एका साक्षीदाराने सांगितलं की आपली साक्ष छापून आली तर धंद्याचं नुकसान होईल. तारकुंडेंनी त्याची साक्ष छापू नका, असा तोंडी आदेश दिला. पत्रकार नरेश मिरजकर आणि इतरांनी त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. १९६६ मध्ये ९ न्यायाधीशांच्या घटनापीठाने तारकुंडेंचा आदेश बहुमताने कायम ठेवला.

ज्या माणसाने पुढे अभिव्यक्ती स्वातंत्र्यासाठी इतकी वर्षं झुंज दिली, त्याच्याच आदेशामुळे वृत्तपत्रांवर बंधन घालणारा एक मोठा निकाल कायद्यात कायमचा बसला. तारकुंडेंची गोष्ट सांगताना हे पान गाळून चालत नाही.

१९६९ मध्ये त्यांनी न्यायाधीशपद सोडलं. दिल्लीला गेले, सर्वोच्च न्यायालयात वकिली सुरू केली आणि रॉय यांच्या विचारांचं रॅडिकल ह्युमॅनिस्ट हे नियतकालिक चालवायला घेतलं. वय होतं ६०. लोक निवृत्तीच्या गोष्टी करतात, त्या वयात त्यांचं खरं काम सुरू झालं.

जेपींनी सोपवलेलं काम

१९७४ साली देशात महागाई, भ्रष्टाचार आणि आंदोलनं यांचं वातावरण होतं. गुजरातमध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले, मग बिहारमध्ये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जयप्रकाश नारायण यांनी सिटिझन्स फॉर डेमोक्रसी ही संघटना काढली. पक्ष नाही, निवडणूक लढवायची नाही, फक्त लोकशाही नीट चालते का यावर लक्ष ठेवायचं. जेपी अध्यक्ष आणि तारकुंडे सरचिटणीस.

ऑगस्टमध्ये जेपींनी तारकुंडेंच्या अध्यक्षतेखाली निवडणूक सुधारणांसाठी समिती नेमली. स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी, अपक्ष खासदार पु. ग. मावळंकर, घटनातज्ज्ञ ए. जी. नूरानी आणि मतदारांच्या कलाचा अभ्यास करणारे एरिक दा कोस्टा अशी मंडळी त्यात होती. हे सगळे एका विचाराचे नव्हते.

समितीचं काम सुरू असतानाच एक घटना घडली. १९७१ मध्ये दिल्लीतून निवडून आलेले काँग्रेसचे अमरनाथ चावला यांच्या विरोधात कंवरलाल गुप्ता कोर्टात गेले होते. ऑक्टोबर १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्याच खर्चात मोजला पाहिजे. चावलांची निवड रद्द झाली.

निकालाला महिनाही झाला नाही, तोच सरकारने वटहुकूम काढला. पक्षाने केलेला खर्च उमेदवाराच्या खात्यात धरायचा नाही, असा कायद्यात बदल झाला. खर्चाची मर्यादा कागदावर राहिली आणि तिला बाजूने मोठा दरवाजा पडला.

या वातावरणात फेब्रुवारी १९७५ मध्ये तारकुंडे समितीचा अहवाल आला. त्यातल्या मुख्य शिफारशी अशा होत्या :

- मतदानाचं वय २१ वरून १८ करावं.
- निवडणूक आयोग एका माणसाचा नको, तीन सदस्यांचा हवा.
- आयुक्तांची निवड पंतप्रधान, लोकसभेतले विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश यांच्या समितीच्या सल्ल्याने व्हावी.
- पक्षांनी आपले हिशेब ठेवावेत आणि ते तपासले जावेत.
- निवडणुकीच्या काळात सरकारने काळजीवाहू म्हणूनच काम करावं.
- रेडिओ आणि टीव्ही सरकारच्या हातून काढून स्वायत्त संस्थेकडे द्यावेत.
- मतदारसंघांमध्ये नागरिकांच्या मतदार परिषदा असाव्यात. त्यांनी निवडणुकीवर लक्ष ठेवावं.

शेवटचा मुद्दा नीट बघा. तिथे रॉय यांच्या लोकसमित्या परत आलेल्या दिसतात. निवडणुकीवर नजर ठेवणं हे फक्त अधिकाऱ्यांचं आणि पोलिसांचं काम आहे असं तारकुंडे मानत नव्हते.

मत देणारा माणूसच तुरुंगात असेल तर?

अहवाल येऊन चार महिने झाले आणि १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निवडणुकीतल्या गैरप्रकारांवरून इंदिरा गांधींची निवड रद्द केली. २५ जूनच्या रात्री आणीबाणी लागली. जेपी तुरुंगात गेले. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. मिसाखाली देशभर लोकांना उचलण्यात आलं.

आता प्रश्न खर्चाच्या मर्यादेचा राहिला नव्हता. पोलिसांनी एखाद्याला कारण न सांगता उचललं तर त्याला कोर्टात दाद मागता येते की नाही, हाच प्रश्न होता.

अनेक उच्च न्यायालयांनी सांगितलं की मागता येते. त्यात मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठही होतं. अमरावती-अकोल्याची प्रकरणं याच खंडपीठापुढे जातात. सरकार या निकालांच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे अटकेतल्या लोकांच्या बाजूने जे वकील उभे राहिले, त्यात शांती भूषण, सोली सोराबजी यांच्याबरोबर तारकुंडेही होते.

२८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला. ४ विरुद्ध १. आणीबाणीत हा हक्क मागता येणार नाही, असं बहुमताने ठरलं. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना वेगळ्या मताचे होते.

कोर्टाचा दरवाजा बंद झाल्यावर तारकुंडेंनी संघटनेचा रस्ता धरला. आणीबाणी सुरू असतानाच, ऑक्टोबर १९७६ मध्ये, नागरी स्वातंत्र्य आणि लोकशाही हक्कांसाठी पीपल्स युनियन उभी राहिली. वेगवेगळ्या पक्षांतली आणि पक्षाबाहेरची माणसं तिथे एकत्र आली.

मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली आणि इंदिरा गांधी हरल्या. पण ही लाट सगळीकडे सारखी नव्हती. विदर्भाच्या मोठ्या भागात काँग्रेसने गड राखला. अकोल्यातून वसंत साठे निवडून आले आणि अमरावतीही काँग्रेसकडेच राहिली. निवडणूक मोकळी असली की निकाल असेच येतात. कुणाला आवडो न आवडो, दिल्लीत एक आणि वऱ्हाडात दुसरं घडू शकतं.

मित्र सत्तेत आले, तरी प्रश्न थांबले नाहीत

जनता पक्षाचं सरकार आल्यावर हक्कांची चळवळ करणारे बरेच जण सुस्तावले. आपलीच माणसं मंत्री झाली, आता लढायचं कशाला, असा सूर होता. तारकुंडेंनी वेगळा रस्ता निवडला. १९७७ मध्येच त्यांनी पैसे घेऊन वकिली करणं सोडलं आणि पूर्ण वेळ या कामाला दिला.

त्याच वर्षी जेपींनी त्यांच्याकडे आणखी एक समिती दिली. आंध्र प्रदेशात आणीबाणीच्या काळात नक्षलवादी म्हणून जे तरुण पोलिस चकमकीत मारले गेले, त्या चकमकी खऱ्या होत्या का, हे शोधायचं होतं. समितीत पत्रकार बी. जी. वर्गीस, अरुण शौरी, कवी काळोजी नारायण राव होते. वकील के. जी. कन्नाबिरन सचिव होते.

समितीकडे समन्स काढायचा अधिकार नव्हता, पोलिस नव्हते, सरकारी गाडी नव्हती. मग काम कसं केलं? घटना घडली त्या गावात जायचं. मेलेल्याच्या घरच्यांना, शेजाऱ्यांना, शेवटचं कुणी पाहिलं त्याला विचारायचं. पोलिसांचं म्हणणं आणि लोकांचं म्हणणं शेजारी शेजारी मांडायचं आणि कुठे जुळत नाही ते छापायचं. मेडक जिल्ह्यातल्या गिरायपल्लीच्या जंगलात मारल्या गेलेल्या तरुणांबद्दल समिती या निष्कर्षाला आली की ती चकमक नव्हती. आधी पकडून मग गोळ्या घातल्या होत्या. या अहवालांनंतर सरकारला न्यायमूर्ती भार्गव यांचा चौकशी आयोग नेमावा लागला.

आज आपण ज्याला सत्यशोधन समिती म्हणतो, त्या कामाची भारतातली पद्धत घडवणारा हा मोठा टप्पा होता. निवडणुकीच्या काळातलं मानवी हक्क निरीक्षण याच पद्धतीवर चालतं. कुणाचं नाव यादीतून गळलं, कोणत्या वस्तीला धमकी मिळाली, मतदानाच्या तोंडावर कुणाला स्थानबद्ध केलं, कोणत्या बूथवर बाहेरची माणसं होती, हे जागेवर जाऊन, नावानिशी, तारखेनिशी नोंदवायचं. तक्रार सत्ताधाऱ्यांची असो की विरोधकांची, मोजमाप एकच.

१९८० मध्ये इंदिरा गांधी परत सत्तेत आल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जुन्या संघटनेची नव्याने बांधणी होऊन पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज, म्हणजे पीयूसीएल, उभी राहिली. अध्यक्ष तारकुंडे.

टाळ्या न मिळणारं काम

या कामात लोकप्रियता मिळत नाही, हे पुढच्या दहा वर्षांत दिसलं.

१९८५ हे पंजाबसाठी निवडणुकीचं वर्ष होतं. जुलैमध्ये राजीव-लोंगोवाल करार झाला, ऑगस्टमध्ये लोंगोवालांची हत्या झाली आणि सप्टेंबरमध्ये मतदान. त्याच वर्षी सिटिझन्स फॉर डेमोक्रसीने पंजाबमधल्या दडपशाहीवर अहवाल काढला. प्रस्तावना तारकुंडेंची होती. सरकारने अहवालावर बंदी घातली आणि तो लिहिणाऱ्यांवर राजद्रोहाचा गुन्हा दाखल केला.

नंतर काश्मीर. तिथली १९८७ ची विधानसभा निवडणूक गैरप्रकारांसाठी आजही आठवली जाते. मतपेटीवरचा विश्वास उडालेल्यांपैकी काही तरुणांनी बंदूक उचलली. १९९० मध्ये परिस्थिती हाताबाहेर गेली तेव्हा तारकुंडे, न्यायमूर्ती राजिंदर सच्चर, जम्मूचे पत्रकार बलराज पुरी आणि सहकारी तिथे गेले. त्याच महिन्यांत दहशतवादी लोकांच्या हत्या करत होते आणि काश्मिरी पंडित घरदार सोडून बाहेर पडत होते. अशा वेळी सुरक्षा दलांच्या वागण्यावर प्रश्न विचारणं बहुतेकांना पटत नव्हतं. ८० वर्षांचे तारकुंडे तरी गेले आणि अहवाल आला.

पंजाब आणि काश्मीरमधून एकच गोष्ट पुढे येते. निवडणुकीत केलेली चोरी मतमोजणीच्या दिवशी संपत नाही. तिची किंमत लोक पुढे कित्येक वर्षं मोजत राहतात.

काय झालं, काय राहिलं

अहवाल लिहून देश लगेच बदलत नाही. तारकुंडेंच्या शिफारशी एकेक करून, खूप उशिरा आणि बऱ्याचदा अर्ध्याच आल्या. आणि त्या मागणारे ते एकटे नव्हते.

१९७९ मध्ये निवडणूक आयोगाने आचारसंहितेत सत्ताधारी पक्षासाठी वेगळा भाग जोडला. काळजीवाहू सरकार आलं नाही, पण घोषणांवर लगाम आला. मतदानाचं वय १९८९ मध्ये १८ झालं. आयोग १९८९ मध्ये तीन जणांचा झाला, काही महिन्यांत परत एकाचा झाला आणि शेवटी १९९३ मध्ये कायमचा तीन सदस्यांचा झाला. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, पण तो लागू व्हायला १९९७ उजाडलं.

उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्राची गोष्ट तर थेट त्यांच्या संघटनेशी जोडलेली आहे. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सच्या याचिकेवर मे २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. संसदेने कायदा बदलून त्याला बगल दिली. मग पीयूसीएल आणि इतर पुन्हा कोर्टात गेले आणि मार्च २००३ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. २००४ ची लोकसभा निवडणूक ही प्रतिज्ञापत्रं सक्तीची झालेली पहिली लोकसभा निवडणूक.

ती बघायला तारकुंडे नव्हते. मतदान सुरू व्हायला महिना राहिला असताना, २२ मार्च २००४ ला, दिल्लीत त्यांचं निधन झालं. वय ९४. पद्मभूषण त्यांना १९९८ मध्ये मिळालं होतं.

त्याच २००४ मध्ये पीयूसीएलने आणखी एक याचिका दाखल केली होती. उमेदवार नाकारायचा असेल तर तेही गुप्तपणे करता आलं पाहिजे, ही मागणी होती. २७ सप्टेंबर २०१३ ला निकाल आला आणि नोटाचं बटण मिळालं.

आणि आयुक्त नेमण्याची समिती? १९७५ मध्ये तारकुंडेंनी जी तीन नावं सांगितली होती, तीच २ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितली : पंतप्रधान, विरोधी पक्षनेते, सरन्यायाधीश. संसद कायदा करेपर्यंत ही व्यवस्था चालणार होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने कायदा केला. त्यात सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी सुचवलेला केंद्रीय मंत्री आला. म्हणजे तीनपैकी दोन मतं सरकारची. ४८ वर्षं जुनी शिफारस काही महिने जगली आणि परत कागदावर गेली.

खर्चाचं कोडंही तिथेच आहे. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपयांची मर्यादा आहे. पक्षाने किती खर्च करावा, याला आजही मर्यादा नाही. १९७४ च्या वटहुकमाने पाडलेला दरवाजा अजून उघडाच आहे.

मतदार परिषदांची शिफारस तर कायद्यात कधीच आली नाही. ती अमलात आणायला मात्र कोणत्याही कायद्याची गरज लागत नाही. यादीत शेजाऱ्याचं नाव आहे का ते बघणं, उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र उघडून वाचणं आणि बूथवर काही चुकीचं दिसलं तर तारीख, वेळ, जागा लिहून तक्रार करणं. धारणीत असो की मूर्तिजापुरात, हे चार माणसं एकत्र येऊनही करू शकतात. तारकुंडेंनी सत्ता हातात नसताना आयुष्यभर जे केलं, ते फार वेगळं नव्हतं.